शिफारसपात्र

ऑगस्ट उजाडला की पुण्यात मांडव पडतात, ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि नव्या पेठेतल्या एका कॉटबेसिसच्या खोलीत चेव्हनिंगचं पोर्टल उघडतं. त्या खोलीतल्या माणसाचं वर्ष पंचांगाने चालत नाही. ऑगस्टपासून पुढे ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती. मग कॉमनवेल्थ. थंडी पडली की इरॅस्मस मुंडस आणि विद्यापीठांचे प्रवेशअर्ज, त्यांच्याच पोटात फेलिक्स. होळीच्या आगेमागे केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज. पाऊस लागला की राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. त्यातल्या त्यात मोकळा असतो तो मे. त्या महिन्यात तो नगर जिल्ह्यातल्या आपल्या गावी जातो, पण आंबे खायला नाही. 31 मार्चला जुना उत्पन्नाचा दाखला मरतो, म्हणून नवा काढायला.

त्याचं नाव मी इथे देत नाही. माझ्या सहीच्या शिफारसपत्रांतून ते इतक्या देशांत पोहोचलंय, की आणखी प्रसिद्धीची त्याला गरज नाही. मुलं त्याला एसओपीदादा म्हणतात. एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. आपण कोण, काय शिकणार, कशासाठी शिकणार आणि शिकल्यावर जगाचं काय भलं करणार, हे परदेशी विद्यापीठाला पटवून देणारं पत्र. लग्नाच्या बायोडेटात 'गृहकृत्यदक्ष' हा एक शब्द जे काम करतो, तेच काम इथे हजार शब्दांत करायचं असतं.

मी त्याला एम.ए.ला इतिहास शिकवला. त्याला 61 टक्के पडले. परदेशात ही बातमी कोणी उभं राहून ऐकणार नाही. पण आमच्याकडे इतिहासात साठाच्या वर मार्क द्यायचं परीक्षकांच्या जिवावर यायचं, आणि त्याचे 61 हा त्या वर्षीचा उच्चांक होता. हे साता समुद्रापलीकडे कळवायचं कसं, या अडचणीतून तो पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आला आणि मी त्याची पहिली रेफरी झाले. दुसरे रेफरी येतात-जातात. एक सर होते, त्यांच्या ईमेलचा पासवर्ड फक्त जावयाला ठाऊक आणि जावई नाशिकला. दुसऱ्या सरांनी रेडिफचा पत्ता दिला. परदेशी पोर्टलला तो चालेना. त्याला रेफरीचा कॉलेजचाच पत्ता लागतो. मी टिकले, कारण माझा कॉलेजचा ईमेल चालतो आणि मी तो उघडते. त्याच्या लेखी माझी विद्वत्ता ही इतकीच आहे.

आपल्याकडे शिफारसपत्राची रीत ठरलेली आहे: ज्याची शिफारस, त्यानेच मसुदा करायचा. मीही म्हणाले, "तूच लिहून आण, मी बघते." दुसऱ्या दिवशी त्याने आणलेलं पत्र वाचून मला त्याच्याबद्दल फार आदर वाटला आणि स्वतःबद्दल त्याहून जास्त. त्या पत्रातली मी काय सुरेख इंग्रजी लिहीत होते! विद्यार्थ्यांच्या जडणघडणीकडे माझं किती बारीक लक्ष होतं! वर्गात त्याने विचारलेल्या एका प्रश्नाने माझी वसाहतवादाकडे बघण्याची दृष्टीच बदलली होती. मी विचारलं, "कुठला रे प्रश्न?"

"तो अजून ठरायचाय, मॅडम. विषय फिक्स झाला की टाकतो."

फॉर्मच्या शेवटी एक चौकट असते. हा विद्यार्थी वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत? मी दहावर टिचकी मारायला गेले, तर तो खुर्चीतून उठलाच.

"मॅडम, दहा म्हणजे रिजेक्ट."

"अरे, तुमच्या वर्गात चाळीस जण. चाळिसाचा एक टक्का म्हणजे एक अख्खा माणूससुद्धा होत नाही."

"मग जो काय पाव-अर्धा होईल तो मी," तो म्हणाला. "पण टिक एकवरच करा."

त्याचा विषय मात्र अख्खा आहे, आणि चांगला आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचक भलत्या ठिकाणी हसतील. विषय आहे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला. पुढे तो विचार वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत नेला तो जलशांनी. घाट तमाशाचाच, पण फडावर उभे राहायचे ते सावकार, भट आणि अडाणीपणा. नंतर आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. जलशांची पदं स्वस्तातल्या चोपड्यांतून छापली जायची. 1867 च्या कायद्यानुसार इलाख्यात छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद व्हायची. त्या नोंदींच्या याद्या आणि बरीच मराठी पुस्तकं इंडिया ऑफिसच्या वाटेने लंडनला गेली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे सिन्नरच्या पारावर रात्री काय गायलं गेलं हे बघायला माणसाला लंडनला जावं लागतं, यात एसओपीदादाचा काही दोष नाही.

दोष असलाच तर शेपटांचा. विषय तोच राहतो, शेपूट दरवर्षी नवं. हवामानबदलाचं वर्ष आलं, की 'जलसे आणि दुष्काळ'. स्त्री-प्रश्नाला पैसा आहे असं कळलं, की 'जलशांतील स्त्री-भूमिका करणारे पुरुष'. संगणकाची लाट आली, की 'जलशांचा डिजिटल नकाशा'. कॉमनवेल्थच्या अर्जात सहा विषयसूत्रं असतात, त्यांतलं एक निवडायचं. विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञान, आरोग्यव्यवस्था, जागतिक समृद्धी, शांतता-सुरक्षा-सुशासन, संकटांना तोंड देण्याची ताकद, आणि शेवटचं समावेशन व संधी. साधा माणूस जलसे शेवटच्या खान्यात टाकून मोकळा होईल. हा म्हणाला, तिथे गर्दी असते. मग त्याने दारूबंदीची पदं आरोग्यात घातली, सावकाराविरुद्धची पदं जागतिक समृद्धीत घातली आणि जलशात धुडगूस घालणाऱ्यांना गावकऱ्यांनी कसं आवरलं असेल ते शांतता-सुरक्षा-सुशासनात घातलं. फक्त विज्ञान-तंत्रज्ञानाने त्याला दाद दिली नाही. तरी गॅसबत्तीचा विचार त्याने एक रात्र केला होता.

अर्जाच्या दुनियेचा एक नियम मी त्याच्याकडून शिकले. देशी अर्जाला दुःख शिक्क्यांत लागतं, परदेशी अर्जाला शब्दांत.

शिक्क्यांचं दुःख त्याच्या एका जाड प्लास्टिक फोल्डरमध्ये आहे. जातीचा दाखला, जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, बंद पाकिटातलं ट्रान्सक्रिप्ट, त्या पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर आडवा पडलेला विद्यापीठाचा शिक्का. शिवाय शिक्षणात जी वर्षं रिकामी गेली त्यांचं स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र. नोटरीने त्याला विचारलं, "या काळात काय करत होता?" हा खरं बोलला, "अर्ज भरत होतो." नोटरीने 'घरगुती अडचण' असं लिहिलं.

यातला सगळ्यात नाजूक कागद उत्पन्नाचा. केंद्राच्या योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. ते आत आहेच. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, आठ लाख त्यांनी तिकिटांच्या हिशेबातसुद्धा स्वतःचे म्हणून पाहिले नाहीत. पण तलाठ्यासमोर जाताना एसओपीदादा इस्त्रीचा शर्ट घालत नाही. तहसीलला जाताना गरीब दिसायचं आणि व्हिसाला जाताना श्रीमंत, हा धडा तो नव्या मुलांना पहिल्याच दिवशी देतो. ब्रिटनच्या व्हिसाला पूर्ण शिष्यवृत्ती नसेल तर पैसा खात्यात सलग 28 दिवस पडून असल्याचं दाखवावं लागतं. त्याच्या हाताखालच्या एका मुलाला अर्धीच शिष्यवृत्ती मिळाली होती. त्याच्या मामाने ट्रॅक्टरसाठी जमवलेले पैसे 28 दिवस भाच्याच्या खात्यात श्रीमंत होऊन बसले. एकोणतिसाव्या दिवशी मामा बँकेच्या दारात हजर. पेरणी तोंडावर होती, होम ऑफिसच्या नियमांचं त्याला काय?

परदेशी अर्जातल्या शब्दांच्या दुःखाला मात्र शिक्का लागत नाही, त्यामुळे ते वाढत जातं. एसओपीदादाचे जुने मसुदे माझ्याकडे आहेत. ते ओळीने वाचले की एका कुटुंबाची अधोगती दिसते. पहिल्या मसुद्यात आजोबांची तीन एकर कोरडवाहू होती. दुसऱ्यात दोन एकर. तिसऱ्यात 'जमिनीचा लहानसा तुकडा'. चौथ्यात आजोबा भूमिहीन झाले. जमीन सावकाराने नेली नाही, धरणात गेली नाही, शब्दमर्यादेत गेली. शाळा आधी घरापासून एक मैलावर होती. ती हळूहळू सरकत पाच किलोमीटरवर गेली आणि वाटेत एक नदी आली. मी म्हटलं, "अरे, तुमच्या गावाला ओढा आहे." तो म्हणाला, "पावसाळ्यात वाढतो, मॅडम. मी पावसाळ्याचं लिहिलंय."

चेव्हनिंगला निबंध लागतात: नेतृत्व, माणसं जोडण्याची हातोटी, ब्रिटनमध्येच का शिकायचं, आणि पुढची कारकीर्द. शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव, तोही तासांत: 2800 तास. एसओपीदादाने तासिका तत्त्वावर शिकवलेले तास, एका संस्थेसाठी भरलेले सर्वेक्षणाचे फॉर्म आणि गावातल्या वाचनालयाची रचलेली पुस्तकं असे मिळून ते पुरे केले. नेतृत्वाचा प्रश्न त्याला बरेच दिवस सुटला नव्हता. मग एका वर्षी संशोधक विद्यार्थ्यांचं विद्यावेतन रखडलं, पोरं उपोषणाला बसली, हाही मांडवात जाऊन बसला. तीन दिवस उपाशी राहिला आणि चौथ्या दिवशी नेतृत्वाचा निबंध घेऊन उठला. उपोषण सुटताना ज्या पोलीस निरीक्षकांनी मोसंब्याचा रस पाजला, ते माणसं जोडण्याच्या निबंधात 'स्टेकहोल्डर' म्हणून गेले. विद्यावेतन न मिळाल्याचं दुःख दाखवून शिष्यवृत्ती मागायची! सामाजिक न्यायाचं हे चक्र किती पूर्ण आहे, ते कुठल्या समितीला दिसत असेल की नाही, कोण जाणे.

नकार यायचे ते येतातच. त्यांचंही त्याने शास्त्र केलंय. ब्रिटिश नकार सगळ्यात मऊ: यंदा अर्जांचा दर्जा असामान्य होता, त्यामुळे आम्हाला फार जड गेलं. "म्हणजे मी असामान्यांच्या गर्दीत होतो," तो समाधानाने सांगतो. युरोपीय नकार दोन ओळींचा, पण गुणांसकट. किती गुणांनी गेलो ते कळतं. देशी नकार येतच नाही. संकेतस्थळावर वाकड्या स्कॅनची एक यादी येते आणि तिच्यात आपण नसतो. खेद व्यक्त करायला तिथे जागाच ठेवलेली नाही. राज्याच्या योजनेत जागा 75, त्यात सगळ्या शाखा आल्या. इंजिनिअरांच्या नि व्यवस्थापनवाल्यांच्या गर्दीत जलसेवाल्याने आपलं नाव शोधायचं म्हणजे यादी दोनदा वाचावी लागते.

तो खरोखर खचलेला मी एकदाच पाहिला. 2022 च्या सुरुवातीला नॅशनल ओव्हरसीजच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. जागा 125, त्यांतल्या 115 अनुसूचित जातींना, उरलेल्या भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांना. विद्यापीठ जगातल्या पहिल्या पाचशेतलं हवं, वय पस्तिशीच्या आत. हे सगळं तो झोपेत म्हणू शकतो. नवीन कलम निराळंच होतं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय या पैशावर परदेशात करता येणार नाहीत. कारण असं, की या विषयांचे ग्रंथ, साधनं आणि तज्ज्ञ देशातच भरपूर आहेत.

त्या दिवशी तो लॅपटॉप न घेता आला. लॅपटॉपशिवाय त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्यालाच कळत नव्हतं.

"मॅडम, 9 मे 1916. न्यूयॉर्क. बाबासाहेबांनी कोलंबियात 'कास्ट्स इन इंडिया' वाचला. पैसा बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनी 1913 ला महिना साडेअकरा पौंड दिले होते, तीन वर्षांसाठी. दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची अट होती, ती होतीच. पण हा निबंध आजच्या पोर्टलवर टाकला तर 'नॉट एलिजिबल' येईल."

मी काही बोलले नाही. त्याला चहा दिला. तोही काही बोलला नाही, ही मात्र गंभीर गोष्ट होती.

आठवड्याने तो लॅपटॉपसकट परतला. चेहरा उजळलेला. "जमलं, मॅडम. विषयातून भारत काढून टाकला." नव्या प्रस्तावात 'इंडिया' हा शब्द कुठेच नव्हता. 'जागतिक दक्षिणेतील निवडक प्रदेशांमधील लोकरंगभूमी' असं नाव होतं. मी खालची तळटीप वाचली. निवडक प्रदेश होते संगमनेर, सिन्नर आणि येवला.

आता वाचकाला वाटेल, या माणसाचं कधीच काही झालं नाही. त्याचं झालं नाही, पण त्याच्यामुळे पुष्कळांचं झालं. नव्या पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धापरीक्षेची पुस्तकं उशाला घेऊन झोपणाऱ्या पोरांतून तो आपली माणसं हेरतो. जी मुलगी निबंधात खरं लिहिते ती त्याला लगेच सापडते. मग तिचं सगळं तो करतो. विद्यापीठ कुठलं, प्राध्यापक कोण, आयईएलटीएसची तारीख कोणती, कॉलेजचा लिपिक कोणत्या वारी खूश असतो. फर्ग्युसन रस्त्यावरचे सल्लागार ज्याचे हजारो रुपये घेतात ते तो एका मिसळीत करतो आणि मिसळीचे पैसे पुष्कळदा तोच देतो. ससेक्सला एक पोहोचली, एडिंबरोला एक, एक जण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विषमतेवरचा अभ्यासक्रम करतोय. त्यांच्या अर्जात तो आजोबांना भूमिहीन करत नाही. "तुझं आहे तेवढं पुरे," असं म्हणतो. स्वतःच्या अर्जाला हे त्याने कधी लावलं नाही.

तिकडे गेलेली मुलं त्याला रात्री-अपरात्री फोन करतात. खोलीचं डिपॉझिट किती, हीटर किती वेळ लावायचा, रसेल स्क्वेअरहून सोआस विद्यापीठाला कुठून वळायचं, सगळं हा नव्या पेठेत झोपल्या-झोपल्या सांगतो. लंडनच्या मेट्रोचा नकाशा त्याला पुण्याच्या पीएमपी बसच्या मार्गांपेक्षा जास्त पाठ आहे. याचं कारण मेट्रोचा नकाशा बदलत नाही, असं तो म्हणतो. बाबासाहेब 1921-22 मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर राज्य सरकारने 2015 साली घेतलं. प्रत्येक मुलाला पहिल्या रविवारी तिथे जायचा त्याचा हुकूम असतो. "चॉक फार्मला उतरायचं. चालत जायचं. फोटो नंतर, आधी आत जाऊन पाच मिनिटं गप बसायचं." त्याच्या पासपोर्टची पानं कोरी आहेत. पासपोर्टचंसुद्धा त्याने नूतनीकरण करून घेतलंय.

गेल्या हिवाळ्यात त्याची आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्यात आली. वाकडेवाडीला एसटीतून उतरल्या त्या आधी माझ्याच घरी आल्या. दारातच "जय भीम, बाई" म्हणून त्यांनी बाजरीची पिशवी खाली ठेवली. पोरगा औषधं आणायला खाली गेला, तेवढ्यात त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "बाई, ह्या पोराचं नेमकं काय चाललंय? धा वर्सं झाली, लिहितोय काय ते तर सांगा."

माझ्या टेबलावर त्याचा ताजा मसुदा होता. मी तो मराठी करत वाचायला लागले. मातीचं घर, भूमिहीन आजोबा, रात्री रिकामं राहणारं ताट, नदी, पाच किलोमीटर. बाई पदर सावरून लक्ष देऊन ऐकत होत्या. मधेच डोळे पुसले. मग म्हणाल्या, "लई वंगाळ झालं हो. हे कुनाचं वाचून ऱ्हायले तुम्ही?"

"तुमचंच."

"आमचं?" त्यांनी चष्मा काढला. "आन् हे भूमिहीन आजोबा कोन?"

"तुमचे सासरे."

"मामंजी? त्यांची तीन एकर हाये की अजून. ही बाजरी काय मी इकत आनली? आन् ताट कवा रिकामं ऱ्हायलं हो? दोन रोट्या मामंजी जास्तीच करायला लावायचे, कुनी जलशातला माघारी आला तर म्हनून."

"जलशातला?"

"मंग! ढोलकी वाजवायचे ते जलशात. तरुनपनी. म्हातारपनी हात थरथरायचे, तर ह्याला मांडीवर घेऊन पिठाच्या डब्यावर वाजवायचे. ह्यो पाच वर्साचा आसल, समदी पदं तोंडपाठ. त्ये नाही लिहिलं का ह्याने?"

पोरगा औषधं घेऊन वर आला तेव्हा आम्ही दोघी त्याची वाटच बघत होतो. मी विचारलं, "आजोबा जलशात ढोलकी वाजवायचे हे मला इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीस?"

तो ओशाळला. "त्याचं सर्टिफिकेट नाही, मॅडम."

"निबंधाला कुठे सर्टिफिकेट लागतं?"

"लागत नाही. पण..." त्याने आईकडे बघितलं, आवाज खाली आणला. "त्यात दुःख नाही ना. डब्यावर वाजवायचे, मी हसायचो, आई ओरडायची, पीठ सांडायचं. हे कुणाला फंड करावंसं वाटेल?"

"मंग नगं करू दे," त्या म्हणाल्या. "पन माझ्या घरात कुनी उपाशी निजलं असं कागदावर लिहायचं नाही. माझ्या सैपाकाची बदनामी हाये ती."

त्या वर्षीच्या अर्जाचं पत्र मी स्वतः लिहिलं. इंग्रजी माझंच होतं, म्हणजे बेताचं. मी लिहिलं की हा मुलगा मांडीवर बसून जलशाची पदं शिकला. पुरावा म्हणून काय गोळा करायचं हे त्याला पुस्तकाआधी कानाने कळलं. वर्गात तो मोजकं बोलायचा आणि नीट वाचायचा. आणि स्वतःच्या आधी त्याने बऱ्याच जणांना पुढे पाठवलंय. रेफरीने पत्र उमेदवाराला दाखवायचं नसतं. पण आमच्या घराण्याची गायकी वेगळी, मी ते त्याला पाठवलं. दीड तासात परत आलं, लाल रंगात न्हाऊन. 'मोजकं बोलायचा' खोडून 'प्रभावी संवादकौशल्य'. 'नीट वाचायचा' खोडून 'कठोर विश्लेषणक्षमता'. 'बऱ्याच जणांना पुढे पाठवलंय' याच्या जागी 'मार्गदर्शनाची शाश्वत परिसंस्था उभारली'. आजोबा मात्र त्याने ठेवले होते. फक्त त्यांच्यापुढे कंसात टाकलं होतं: 'समुदाय-नेते (तालवाद्य)'. आणि बाजूला मला टीप होती: "मॅडम, पत्र छान जमलंय. सरावाने आणखी चांगलं होईल."

ते लाल सगळं काढून मी माझंच पत्र पाठवून दिलं. त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. आजवर तिथपर्यंत तो पोहोचला नव्हता. मुलाखतीत त्याला जलशाबद्दल विचारलं. तो म्हणे एक पद म्हणून दाखवायला लागला आणि पडद्यावरच्या दोन बायका आणि एक साहेब ऐकत राहिले. वेळ संपली. पुढच्या कारकिर्दीबद्दलचं तयार केलेलं उत्तर द्यायचंच राहिलं, याची हळहळ त्याला अजून आहे. निकाल यायचाय.

या जूनमध्ये त्याला पस्तीस पूर्ण होतात. देशी योजनांत पदव्युत्तर पदवीची दारं त्या दिवशी बंद. मी जपूनच विषय काढला. तो हसला. "राज्याच्या योजनेत पीएचडीला चाळीस आहेत, मॅडम. पाच वर्षं हातात आहेत."

मीही यंदा निवृत्त झाले. कॉलेजने समारंभ केला, शाल-श्रीफळ दिलं, प्राचार्य माझ्याबद्दल बरंच बोलले. ते ऐकताना मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की वरच्या एक टक्क्यात असणं कसं वाटतं. भाषणं संपल्यावर जुने विद्यार्थी भेटायला आले. कुणाचे डोळे भरले, कुणी पाया पडलं. एसओपीदादा गर्दीतून वाट काढत आला. त्याचेही डोळे भरलेले होते. त्याने वाकून नमस्कार केला, माझा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ त्याला बोलता येईना.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला, "कॉलेजचा ईमेल आयडी तेवढा बंद करू देऊ नका."